पातळी उतरून येणारा सोबती

मागील अंकात आपण गुडघ्यांच्या व्यायामाविषयी बोललो. आजचा विषय आडवळणाचा आहे : नातवंडांचे संगणकावरील खेळ. वाचकहो, नाक मुरडण्यापूर्वी थोडे ऐकून घ्यावे. मीही मुरडलेच होते.

गेल्या चैत्रात मला अर्धांगवायूचा सौम्य झटका आला. बोलणे-चालणे सावरले, उजव्या हाताची बोटे मात्र मागे राहिली. चेंडू दाबणे, खुंट्या खोवणे हे व्यायाम मी करीत असे, पण कंटाळून. अशात जर्मनीत शिकणाऱ्या नातवाने विचारले, "आजोबा, माझ्याबरोबर खेळाल का?" खेळ होता 'गिल्ड वॉर्स २'. त्याचे पात्र ८०व्या, म्हणजे शेवटच्या पातळीवर; माझे पहिल्या.

अशा खेळांत शत्रूला हरवले, नवे ठिकाण गाठले की अनुभवगुण मिळतात आणि ते साठले की पातळी चढते. पंचाईत होते ती लहानमोठ्यांनी गट करून खेळताना. गुण कोणाला आणि किती? १९९९ च्या 'एव्हरक्वेस्ट'मध्ये नियम कडक होता. वरच्याची पातळी खालच्याच्या दीडपटीहून अधिक झाली, की खालच्याला वाटाच नाही. ३०व्या पातळीच्या खेळाडूबरोबर २०व्याने जावे, १९व्याने नव्हे. एका मित्राला रजा मिळाली, दुसऱ्याला नाही, एवढ्यानेही जोडी तुटायची. २००४ च्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने पातळीच्या प्रमाणात वाटणी केली : ४५व्या आणि १५व्या पातळीचे दोघे असतील, तर मोठ्याला तीन भाग, धाकट्याला एक. हे निष्ठुर वाटते खरे, पण त्यामागे कारण आहे. बलाढ्याने सारे शत्रू लोळवावेत आणि मागे नुसत्या उभ्या राहिलेल्याने फुकटात वर चढावे, असे होऊ लागले तर आकडा वाढतो, हात मात्र काहीच शिकत नाही.

मला आवडली ती 'सिटी ऑफ हीरोज'ची युक्ती, तीही २००४ चीच. तेथे धाकट्याला ज्येष्ठाच्या एक पातळी खालपर्यंत तात्पुरते उचलून घेत. मात्र त्याने ज्येष्ठाच्या जवळच राहायचे, दूर गेला की पुन्हा मूळच्या पातळीवर. उलटही करता येई, ज्येष्ठाने खाली उतरावे. पण सुरुवातीच्या त्या काळात उतरणाऱ्याला अनुभवगुण मिळत नसत, खेळातले चलन तेवढे मिळे. २००८ मध्ये 'फायनल फँटसी ११' या जपानी खेळानेही साऱ्या गटाला एका निवडलेल्या सदस्याच्या पातळीवर उतरवण्याची सोय केली.

आमच्या खेळात हे आपोआप घडते. क्वीन्सडेल हा नवशिक्यांचा प्रदेश पहिल्या ते १५व्या पातळीचा; तेथे पाऊल ठेवताच नातवाचे बळ त्या प्रदेशाच्या मानाने उतरते. (शस्त्रे भारी असल्याने तो तरीही माझ्याहून वरचढच.) शत्रूला मारण्यात दोघांचाही पुरेसा हात लागला, तर दोघांनाही पूर्ण गुण, वाटणीच नाही. वनस्पती खुडल्या तरी गुण, पडलेल्या सोबत्याला उठवले तरी गुण. पहिल्या आठवड्यात मला उठवण्याचे गुण नातवाने बरेच कमावले.

हा उपचार नव्हे, हे स्पष्ट सांगतो. माझ्या फिजिओथेरपिस्टना विचारूनच मी अर्धा तास बसतो. मनगटाखाली घडी घातलेला पंचा, मध्ये एकदा उठून फेरी. खेळातल्या अनोळखी माणसांना बँकेचा तपशील किंवा ओटीपी कधीही देऊ नये.

एका संध्याकाळी नातू म्हणाला, "आजोबा, हा तुम्ही मारा. मी थांबतो." मला बराच वेळ लागला. सौ. शेजारी भाजी निवडत होती. तिने हे ऐकले असावे. झटक्यानंतर माझ्या सदऱ्याची बटणे तीच लावीत असे, अर्ध्या मिनिटात. मी कधी तक्रार केली नाही, पण सदरा चढला की माझे हात खाली लोंबत राहत. दुसऱ्या दिवशी तिने सदरा अंगावर घातला आणि पलंगाच्या कडेला बसून राहिली. गॅसवर दूध होते, ते तिने आधी उतरवून ठेवले होते.

शुश्रूषा करणाऱ्यांनी यात स्वतःवर ठपका घेऊ नये. घाईत बटण लावून देणे ही आळसाची गोष्ट नव्हे. खाली रिक्षा उभी असते, डॉक्टरांची वेळ टळत असते. थांबण्यात त्यांचाच वेळ जातो आणि त्याचे गुण कुठल्याच खात्यावर जमा होत नाहीत. म्हणून आम्ही एवढेच ठरवले : नऊला निघायचे असेल, तर सदरा साडेआठला. वरची तीन बटणे मी लावतो. चौथे अजून तिच्याकडे आहे.