घरची वही : घोड्याची वैरण

‘घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे’ ही म्हण ज्या कोणी प्रथम उच्चारली, त्याने वैरणीचा हिशेब मांडलेला असला पाहिजे. घोडे फुकट आले. दाणा-वैरण काही फुकट येत नाही. आज आपल्या दारातली घोडी लोखंडाची झाली आहेत. ती व्याह्याने धाडलेली नसतात, आपणच हप्त्याने आणलेली असतात. आणि त्यांची वैरण पंपावर मिळते. बाकी म्हण आहे तशीच आहे.

आमच्या दारात असे एक घोडे दोन वर्षांपूर्वी आले. चिरंजिवांनी पेट्रोलवर चालणारी एक छोटी, वापरलेली मोटार घेतली. घेण्यापूर्वी त्यांनी हिशेब केला नव्हता असे नाही. कोथरुडातल्या आमच्या घरापासून त्यांची कचेरी अकरा किलोमीटर; जाऊन-येऊन बावीस; कामाचे दिवस बावीस; म्हणजे महिन्याला ४८४ किलोमीटर. माहितीपत्रकात लिटरला २१ किलोमीटर छापलेले. म्हणजे तेवीस लिटर. लिटरला १०५ रुपये धरले तर झाले २,४२० रुपये. ‘‘बाबा, अडीच हजारांच्या आत!’’ चिरंजीव म्हणाले, आणि सूनबाईंनी पेढे आणले.

प्रत्यक्षात महिन्याकाठी साडेपाच हजारांच्या वर जाऊ लागले. मग जे सगळ्या घरांत होते तेच झाले. आधी कुरबुर, मग अबोला, मग काटकसर. आणि काटकसरीची पहिली कुऱ्हाड पडली ती तळेगावच्या फेरीवर.

तळेगाव दाभाड्याला माझी थोरली बहीण एकटी राहते. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर माझ्या डब्यात पोळी-भाजी भरली ती तिनेच. मोटार आल्यापासून महिन्यातला एक रविवार आम्ही तिच्याकडे घालवीत असू. जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर. ‘सत्तर’ हा आकडा कानाला जड लागतो. यंदाच्या उन्हाळ्यापासून ‘पुढच्या रविवारी पाहू’ असे सुरू झाले आणि ते पुढेच जात राहिले. राखी टपालाने आली. सोबत चिठ्ठी होती : ‘पेट्रोल फार महाग झाले आहे. उगाच धडपडत येऊ नका. मी बरी आहे.’

ती चिठ्ठी मी घरखर्चाच्या वहीत ठेवली, आणि ठेवताना लक्षात आले की या वहीत दुधाला पान आहे, वर्तमानपत्राला पान आहे, इस्त्रीवाल्याला आहे; मोटारीला मात्र नाही! चिरंजिवांचा हिशेब आकड्यांत बरोबर होता, पण त्यातला एकही आकडा मोजलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी मोटारीचे पान उघडले. त्यातून जे निघाले ते वाचकांच्याही उपयोगी पडेल, म्हणून सांगतो.

सूत्र सोपे आहे. महिन्यात गाडी जितके किलोमीटर चालते, त्याला एका लिटरमध्ये ती जितके चालते त्याने भागा. आले ते लिटर. त्यांना भावाने गुणा. चौथीतल्या मुलालाही हे जमेल. अडचण असते ती तिन्ही आकडे खरे मिळवण्याची.

पहिला आकडा किलोमीटरचा. तो आठवणीतून काढू नये. महिन्याच्या पहिल्या सकाळी मीटरवरचा आकडा लिहावा, शेवटच्या रात्री पुन्हा लिहावा, आणि वजाबाकी करावी. आम्ही तीस दिवस रोजची नोंदही ठेवली. कचेरीचे बावीस नव्हे, चोवीस किलोमीटर निघाले. कारण परतीच्या वाटेवर एक वळण घालून यावे लागते. ते झाले ५२८. रविवारच्या आणि इतर फेऱ्या ८०. आणि नातीचा क्लास, कोथिंबीर, औषधाचे दुकान, विसरलेली डबी परत आणणे अशा एक-दीड किलोमीटरच्या फुटकळ फेऱ्या मिळून १३२! एकूण ७४०. त्या महिन्यात तळेगाव शून्य.

दुसरा आकडा, ज्याला आपण सगळे ‘ॲव्हरेज’ म्हणतो. तो माहितीपत्रकातून घेऊ नये. माहितीपत्रक खोटे असते असे नव्हे. गाड्यांची ही चाचणी करणारी एक संस्था, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय, आमच्या कोथरुडातच वेताळ टेकडीवर आहे. चाचणी प्रयोगशाळेत होते. गाडीची चाके रुळांवर फिरतात आणि वेग ठरवून दिलेल्या क्रमाने कमी-जास्त करतात. ही चाचणी वर्षानुवर्षे वातानुकूलन यंत्र बंद ठेवून होत आली आहे. एका गाडीची दुसरीशी तुलना करायला ती उत्तम. पण चाचणी टेकडीवर होते आणि आपल्याला जायचे असते कर्वे रस्त्याने, संध्याकाळी साडेसहाला!

म्हणून आपले ॲव्हरेज आपणच काढावे. पंपावर टाकी भरायला सांगावी. नळी आपोआप खटकन बंद झाली की तिथेच थांबावे, ‘आणखी थोडे’ म्हणू नये. मीटरचा आकडा लिहावा. पुढे दोन-अडीचशे किलोमीटर झाल्यावर शक्य तर त्याच पंपावर पुन्हा तशीच टाकी भरावी. या वेळी जितके लिटर आत गेले, तितकेच मध्यंतरी जळले. आमचे २४३ किलोमीटरला १८ लिटर गेले, म्हणजे लिटरला साडेतेरा. एकदा करून समाधान मानू नये. तीनदा करून सरासरी घ्यावी. आमची पहिल्यांदा १३.१, मग १३.९, मग १३.५ आली. सरासरी साडेतेराच. कुठे २१ आणि कुठे साडेतेरा!

तिसरा आकडा भावाचा. १६ जून २०१७ पासून देशभर पेट्रोलचा भाव रोज ठरवण्याची पद्धत आली. कधी तो रोज हलतो, कधी महिनोन् महिने जागचा हलत नाही. गावागावांतही फरक असतो. तेव्हा पावतीवरचा भाव घ्यावा, ऐकीव घेऊ नये. शिवाय २०२५ पर्यंत पेट्रोलमधले इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत पोहोचले. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश कमी ऊर्जा असते. त्यामुळे तेवढ्याच लिटरमध्ये गाडी थोडी कमी चालते. चार-पाच वर्षांपूर्वी काढलेले ॲव्हरेज आज धरू नये, ते यासाठीही.

आता मांडा. ७४० भागिले साडेतेरा, सुमारे ५४.८ लिटर. गुणिले १०५, म्हणजे ५,७५४ रुपये. किलोमीटरला पावणेआठ रुपये पडले. पुढच्या महिन्याचा अंदाज करताना यावर दहा टक्के जास्त धरावेत; पाऊस, रस्त्यांची खोदाई आणि पाहुणे सांगून येत नाहीत. ज्यांची गाडी सीएनजीवर आहे, त्यांनी लिटरऐवजी किलो धरावेत. विजेवरच्या स्कूटरला युनिटे; मात्र ती भिंतीवरच्या मीटरची घ्यावीत, कारण बॅटरीत पोहोचेपर्यंत थोडी वीज वाटेतच खर्च होते. आणि ही झाली निव्वळ वैरण. नाल, खोगीर आणि वैद्य, म्हणजे टायर, विमा आणि दुरुस्ती यांचे पान वेगळे ठेवावे.

इथवर वाचून कोणी म्हणेल, ‘म्हणजे तळेगाव बंद केले ते बरोबरच केलेत की!’ मलाही तशीच भीती होती. पण नातीने एक गंमत केली. गाडीच्या पडद्यावर त्या-त्या फेरीचे ॲव्हरेज दिसते. ती ते वहीत टिपू लागली. फुटकळ फेऱ्यांना आकडा नऊच्या वर जाईना! कारण उघड आहे. थंड इंजिन गरम होईपर्यंत पेट्रोल जास्त खाते, आणि गरम होते न होते तोच वाण्याचे दुकान येते. त्यात क्लासबाहेर वातानुकूलन चालू ठेवून वीस मिनिटे वाट पाहणे. त्या वेळी गाडी शून्य किलोमीटर चालते आणि पेट्रोल मात्र जळतच असते. १३२ किलोमीटर भागिले नऊ, जवळजवळ पावणेपंधरा लिटर, म्हणजे सुमारे दीड हजार रुपये. आणि तळेगाव? उन्हाळ्यापूर्वीच्या फेऱ्यांत मोकळ्या रस्त्यावर गाडी सतरा देत असे, हे चिरंजिवांना पक्के आठवत होते. सत्तर भागिले सतरा, चार लिटरहून किंचित जास्त. सुमारे ४३० रुपये.

वही मी चिरंजिवांपुढे सरकवली. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, ‘‘बाबा, आपण कोथिंबिरीसाठी आत्याला सोडलं.’’ सूनबाईंनी मान खाली घातली. मीही घातली. कारण ‘पुढच्या रविवारी पाहू’ असे त्या घरात सगळ्यात आधी मीच म्हटले होते.

अंदाज चुकला की आपण डोळ्यांत भरणारा खर्च कापतो, आणि डोळ्यांत भरते ते लांबचे अंतर. जवळची गळती दिसत नाही, कारण ती रोजची असते. आता आमच्याकडे दीड किलोमीटरच्या आतले काम पायी होते. पाऊस असला किंवा कोणी आजारी असले तर गोष्ट वेगळी. निम्म्या फेऱ्या जरी कमी झाल्या, तरी तळेगावचे पेट्रोल निघून वर तीनशे उरतात.

परवा ताईला फोन केला. म्हटले, ‘‘भाऊबीजेला येतोय, सगळे.’’

‘‘अरे, पण पेट्रोल...?’’

‘‘मांडलंय वहीत.’’

थोडा वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. मग म्हणाली, ‘‘मग सकाळीच निघा. जेवायला उशीर करू नका.’’

वाचकहो, लक्ष्मीपूजनाला नव्या वहीवर कुंकू लावाल, तेव्हा दारातल्या घोड्यालाही एक पान द्या. वैरण किती लागते ते तर कळेलच. पण घोडे जाते कुठे आणि कुठे जायचे विसरले आहे, हेही त्याच पानावर दिसेल. ही दिवाळी आपणा सर्वांस सुखाची जावो.