चोखणी : पारख आणि यतना

जिंतूर, सेलू, मानवतच्या पेठांत माल पारखून घेणारी व्यापारी घरे बाळाची चोखणी मात्र अनेकदा रंग पाहून उचलतात.

चोखणी एकसंध सिलिकॉनची असावी. जोड असल्यास तुकडा निसटून घशात अडकू शकतो. चकती बाळाच्या तोंडाहून रुंद, किमान दीड इंचाची व हवेसाठी छिद्रे असलेली हवी. अंगावरचे दूध नीट सुरू होईपर्यंत, म्हणजे साधारण ३ ते ४ आठवडे, ती देऊ नये; भुकेचे रडणे दबून वजनवाढ खुंटू शकते. वापरापूर्वी पाण्यात उकळावी, रोज ओढून पाहावी, चीर दिसताच टाकून द्यावी. काळ्या दोऱ्याने गळ्यात किंवा पाळण्याला कदापि बांधू नये. फास बसून जीव जाऊ शकतो.

चोखणीला मध लावणे तर सर्वथा त्याज्य. श्रावकाच्या मूलगुणांत मद्य-मांस-मधाचा त्याग आहेच; वैद्यकशास्त्रही एक वर्षाखालील बाळास मध वर्ज्य मानते. त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा, प्रसंगी जीवघेणा विकार होतो. गूळ-साखरही नको; उगवते दात किडतात.

उठण्या-बसण्यात, खाण्या-पिण्यात सांगितलेली यतना बाळाच्या पाळण्यापाशीही तितकीच पाळली जावी.