नवऱ्याच्या खिशातला ओटीपी

२०२५ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. पळसदरी स्टेशनात खोपोलीच्या लोकलची वाट बघत वाडीवरच्या तीन बाया बाकावर बसल्या होत्या. तिघींत मिळून एक फोन, तोही पुतण्याचा. मला बघून त्यातली एक उठून आली. "ताई, यात नवऱ्याचा आधार नंबर मागतात. तो नऊ वर्षं झाली घरी नाही. आहे का मेला तेही ठाऊक नाही. मी नंबर कुठून आणू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. एवढी वर्षं वाड्यांवर काम करून, दोन वर्षं समाजकार्याचा अभ्यास करून, एका फोनच्या पडद्यासमोर मी तिच्याइतकीच गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा राग म्हणून हा लेख.

प्रकरण आपल्या सगळ्याजणींना माहीत आहे, तरी थोडक्यात मांडते. जून २०२४ मध्ये राज्य शासनाने 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जाहीर केली. २१ ते ६५ वयाच्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या बाईला महिन्याला १५०० रुपये. शासन निर्णयात पात्र बायकांची यादी स्पष्ट आहे: विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार आणि कुटुंबातली एक अविवाहित. ही योजना निवडणुकीच्या तोंडावर आली, तिच्या हेतूबद्दल आपल्यात पुष्कळ वाद झाले, ते वाद मी इथे उकरत नाही. पैसे बाईच्या स्वतःच्या खात्यात येतात, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

सप्टेंबर २०२५ मध्ये शासनाने सगळ्या लाभार्थी बायकांना ई-केवायसी सक्तीची केली. आता हे यंत्र चालतं कसं ते बघा. बाईने आपला आधार क्रमांक टाकायचा, आधारला जोडलेल्या फोनवर सहा आकडे येतात, ते भरायचे. इथवर ठीक. मग पुढचं पान उघडतं: पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक टाका. त्यांच्या फोनवर आलेले आकडे भरा. ते भरल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. म्हणजे बाईची ओळख पटली, तिचं खातं आहे, तिचं नाव यादीत आहे, तरी ती खरी आहे की नाही हे शेवटी ठरणार एका पुरुषाच्या खिशातल्या फोनवर!

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातल्या शंभरातल्या जेमतेम ५४ बायकांकडे स्वतः वापरायचा मोबाईल होता. आमच्या ठाकर-कातकरी वाड्यांचं चित्र याहून वाईट आहे, हे सांगायला पाहणीची गरज नाही. आधारला जो नंबर जोडला तो दहा वर्षांपूर्वी शिबिरात कुणाचा तरी दिलेला. रिचार्ज न केल्याने ते सिम केव्हाच बंद पडलं, आणि बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याच माणसाला देते. तो बदलायचा तर आधार केंद्रावर जायचं, म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवायची, गाडीभाडं भरायचं आणि वर ऑक्टोबर २०२५ पासून वाढलेले ७५ रुपये द्यायचे. हे सगळं दोन फोनांसाठी. आणि त्यातला एक फोन ज्याच्याकडे आहे तो दारू पिऊन मारतो म्हणून ती माहेरी आलेली असेल, तर? "आकडे सांगतो, पण पैसे आले की अर्धे माझे," असं म्हणणारे नवरे मी स्वतः ऐकले आहेत. शासनाने बाईच्या हातात पैसे दिले आणि त्या पैशांची किल्ली नवऱ्याच्या हातात ठेवली.

ओरड झाली. मग १८ नोव्हेंबरची मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढली. ज्यांचे पती वा वडील हयात नाहीत किंवा ज्यांचा घटस्फोट झाला आहे, त्यांनी स्वतःची ई-केवायसी करावी आणि मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचं प्रमाणपत्र किंवा न्यायालयाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्यावा, असं ठरलं. सुधारणा झाली हे मान्य. पण ती कोणासाठी झाली? आमच्याकडे लग्नच नोंदवलेलं नसतं, तर घटस्फोट कोर्टात कसा होणार? चार माणसं बसतात, काडीमोड होते, बाई आपली भांडी घेऊन निघते. आणि जिला नुसतं टाकून दिलं, तिच्याकडे तर तेवढंही नाही. परित्यक्ता हा शब्द चळवळीने सरकारदरबारी नेला. टाकलेल्या बाईला तिच्या नावाचं स्वतंत्र रेशनकार्ड मिळावं म्हणून नव्वदच्या दशकात संघटनांनी किती खेटे घातले, ते आपल्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. तो शब्द शासन निर्णयात आला. संगणकाच्या पानावर मात्र तो पोचलाच नाही.

आणि मुदतीचा काळ बघा. दिवाळीनंतर आमच्या वाड्या ओस पडतात. कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडाशी परत येतात. नेमक्या याच दिवसांत मुदत संपणार होती. भट्टीवर उचल मिळते ती जोडीला. मालकाच्या वहीत नाव नवऱ्याचं. चिखल तुडवते, विटा वाहते, रात्री भाकरी थापते ती बाई त्या वहीत नसतेच. शिकलेल्या लोकांनी, वातानुकूलित खोलीत बसून, नवीन यंत्रावर जे पान तयार केलं, ते भट्टीमालकाच्या मळक्या वहीहून वेगळं काय आहे?

यावर एक उत्तर ठरलेलं: कुटुंबाचं उत्पन्न तपासायचं तर नवऱ्याची माहिती नको का? जरूर तपासा. पण त्यासाठी त्याच्या फोनवरचे आकडे बाईने आणायचे, हा कुठला न्याय? आयकराची माहिती शासनाकडे आहे, रेशनकार्डाची आहे, आपल्या नोकरांच्या पगाराची यादी तर आहेच. शासनाने आपली कपाटं आपण उघडावीत. शिवाय २०२५ च्या जुलैत उघड झालं की चौदा हजारांहून अधिक पुरुषांनी या योजनेचे पैसे घेतले होते. पुरुष 'बहीण' म्हणून आत शिरले तेव्हा यंत्राला ते दिसले नाहीत, आणि त्या चोरीची शिक्षा म्हणून बायकांनी पुरुषांचे आकडे गोळा करत हिंडायचं!

शेवटच्या पानावरची भाषा तर अशी की मलाही दोनदा वाचावी लागली. घरात कोणी सरकारी नोकरीत नाही, याला होय म्हणायचं की नाही? नाही आहे, म्हणून होय. साध्या बाईने सरळ 'नाही' दाबलं, आणि यंत्राच्या लेखी तिच्या घरात सरकारी नोकर जन्माला आला. पुढे जानेवारी २०२६ मध्ये अशा प्रकरणांची प्रत्यक्ष पडताळणी करायचं ठरलं. ती कुणी करायची? अर्थात अंगणवाडी सेविकेने. यंत्राने घातलेला घोळ निस्तरायला शेवटी पायी फिरणारी, मानधनावरची बाईच लागते.

याच सेविकांचा अनुभव आपण आधीच ऐकायला हवा होता. पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत, दिलेले फोन निकृष्ट, म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर त्यांनी सरकारी फोन परत केले. आपण पाठिंब्याची पत्रकं काढली, पण तो 'मानधनाचा प्रश्न' आहे असं समजून बाजूला झालो. १ जुलै २०२५ पासून त्याच ॲपमध्ये घरपोच आहारासाठी गरोदर बाईचा चेहरा ओळखणं सक्तीचं झालं. डोंगराच्या कुशीतल्या वाडीत रेंज नाही, आधारवरचा फोटो लग्नाआधीचा, चेहरा जुळत नाही. आहाराचं पाकीट सेविकेच्या हातात, बाई समोर, दोघी एकमेकींना वर्षानुवर्षं ओळखतात. ओळखत नाही ते फक्त यंत्र.

कागदाच्या काळात सगळं छान होतं, असं मी म्हणत नाही. गीता हरिहरन यांनी १९८४ मध्ये आपल्या अज्ञान मुलाच्या नावे रोखे घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला, पालक म्हणून स्वतः सही केली. बँकेने वडिलांची सही मागितली. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये आईही नैसर्गिक पालक आहे असा अर्थ लावून दिला, तोवर पंधरा वर्षं गेली होती. रकाना तेव्हाही पुरुषाचाच होता. पण त्या अर्जाला एक कारकून होता. त्याच्याशी भांडता येत होतं, समासात लिहिता येत होतं, साहेबापुढे उभं राहता येत होतं. पडद्याला समास नसतो. रकान्यापुढे लाल चांदणी टाकली की तो सक्तीचा झाला. ही चांदणी टाकायला काही मिनिटं लागतात, काढायलाही तितकीच. लाखो बायकांचं भवितव्य ठरवणारा हा निर्णय कोणी घेतला, कोणत्या बैठकीत घेतला, त्या बैठकीत एकतरी टाकलेली बाई होती का, हे विचारायची सोय कुठेच नाही.

संगणकाचा धंदा बाईला विसरतो हे आपल्याकडचंच दुखणं नाही. ॲपल कंपनीने २०१४ मध्ये फोनमध्ये आरोग्याचं ॲप आणलं, त्यात शरीरातल्या नाना गोष्टी नोंदवायची सोय होती, मासिक पाळीची नव्हती. ती पुढच्या वर्षी आली. तिथे रकाना द्यायला विसरले, इथे नको तो रकाना ठोकून बसवला. जानेवारी २०२५ मध्ये दावोसला ॲमेझॉनने महाराष्ट्रात डेटा सेंटरांसाठी ८.३ अब्ज डॉलर गुंतवण्याचं जाहीर केलं, त्याच्या केवढ्या बातम्या आल्या! आमच्या पनवेलच्या बाजूला अशा इमारती दिसू लागल्या आहेत. यंत्रं साठवायला जागा मिळते, वीज मिळते. 'पती बेपत्ता' एवढे दोन शब्द साठवायला जागा मिळत नाही.

काही मैत्रिणी म्हणतात, हे तांत्रिक विषय, आपलं काम हिंसेचं आणि कायद्याचं. मला हे पटत नाही. जो नियम बाईला नवऱ्याकडे परत पाठवतो तो हिंसेचाच विषय आहे. कायद्याच्या मसुद्यावर आपण हरकती पाठवतो, त्यासाठी रात्र रात्र जागतो. मग फॉर्मचा मसुदा आपल्याला का दाखवत नाहीत? योजनेचं कोणतंही पान सुरू होण्याआधी ते संघटनांना, सेविकांना दाखवलंच पाहिजे. नवरा-वडील यांच्या रकान्यात 'लागू नाही' हा पर्याय हवा आणि त्यासाठी बाईचं स्वतःचं लेखी निवेदन पुरेसं मानलं पाहिजे. अंगणवाडीत कागदी अर्ज घेऊन पोच मिळाली पाहिजे. आकडे जुळले नाहीत म्हणून हप्ता थांबता कामा नये. आधार निकालात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ओळख जुळली नाही एवढ्यावरून हक्काचा लाभ नाकारू नये, असंच बजावलं आहे. तेवढं तरी शासनाने पाळावं.

स्टेशनावर भेटलेल्या त्या बाईचं निवेदन आम्ही हाताने लिहिलं, तिने अंगठा दिला, सेविकेने ते ठेवून घेतलं. त्यानंतर ती भट्टीवर गेली. पळसदरीच्या आसपासच्या वाड्यांत अडकलेल्या अशा बायकांची नोंद आम्ही एका वहीत करायला घेतली आहे: बाईचं नाव, वाडी, कुठल्या पानावर गाडी अडली, कोणता कागद मागितला, किती फेऱ्या आणि किती रोज बुडाले. नवऱ्याच्या नावाचा रकाना वहीत नाही. आपापल्या तालुक्यातल्या गटांनीही याच रकान्यांत नोंदी ठेवाव्यात, म्हणजे एकत्र करून मंत्रालयात नेता येतील.