खडखड शोधायचे पैसे

गॅरेजमधला सगळ्यात महाग शब्द कोणता, सांगा बघू? इंजिन? गिअरबॉक्स? छे. 'असेंब्ली'! "साहेब, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल" हे वाक्य कानावर पडलं की भलेभले गप्प होतात. त्यातून विषय स्टिअरिंगचा असेल तर संपलंच. गाडीत बायकापोरं असतात, समोर घाट असतो, कोण घासाघीस करत बसणार? आपण मान डोलावतो आणि खिशात हात घालतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की खिशात हात घालायच्या आधी एक प्रश्न विचारा: "आवाज नेमका कुठून येतोय ते सापडलं का?" उत्तर 'हो, हे बघा' असं असेल तर खुशाल असेंब्ली बदला. उत्तर 'सापडलं नाही, पण बदलून बघू' असं असेल तर ती दुरुस्ती नव्हे, ती खरेदी झाली. आणि खरेदी केल्यावर आवाज जाईलच याची गॅरंटी कुणी देत नाही.

डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी सॉफ्टवेअरची, असा मी टिपिकल नमुना आहे. आठवडाभर पुण्यात दुसऱ्यांचे बग शोधायचे आणि जमेल तेव्हा शनिवार-रविवारी घरी पोफळीला. चिपळूणहून कऱ्हाडकडे निघालात की शिरगाव, अलोरे मागे टाकून कुंभार्ली घाट सुरू व्हायच्या तोंडाशी आमचं गाव लागतं. कोयनेचं वीजघर ज्या डोंगराच्या पोटात आहे, तेच हे पोफळी. वीजघरात फिरत्या शाफ्टचा आवाज बदलला तर मशीन थांबवून कारण शोधतात; "चला, टर्बाइन बदलून बघू" असं कुणी म्हणत नाही! आणि गावाबाहेरचा रस्ता म्हणाल तर चार महिने धो धो पाऊस, मग खड्डे, मग खड्ड्यांवरची खडी, आणि वर घाटातली वळणं. गाडीचा कुठला सांधा ढिला झालाय हे या रस्त्यावर लपून राहत नाही. खडखड इथे सगळ्यांच्याच गाड्यांची होते. प्रश्न आहे तो तिचं पुढे काय करायचं याचा.

आधी रचना समजून घेऊ. तुम्ही चाक धरता ते कॉलमच्या वरच्या टोकाला बसवलेलं असतं. हा कॉलम डॅशबोर्डखालून खाली येतो. पॅडलजवळ त्याला एक छोटा मधला शाफ्ट जोडलेला असतो, त्याच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट (मिस्त्री लोक नुसतं 'क्रॉस' म्हणतात). तो शाफ्ट खाली पिनियनला जोडलेला, पिनियन रॅकला ढकलतो, रॅकच्या दोन्ही टोकांना टाय रॉड, आणि टाय रॉड चाकांना वळवतात. हल्लीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत पॉवर स्टिअरिंगची इलेक्ट्रिक मोटर कॉलमवरच बसवलेली असते.

आता गंमत बघा. ही सगळी लोखंडाची साखळी आहे आणि लोखंडातून आवाज छान प्रवास करतो. चाकाजवळचा बॉल जॉइंट ढिला असला तरी टकटक हाताला स्टिअरिंगमध्येच लागते. म्हणजे 'स्टिअरिंग वाजतंय' हा आवाज कुठे *पोचला* त्याचा पत्ता झाला. तो कुठून *निघाला* हा वेगळा प्रश्न आहे. या दोहोंत गल्लत झाली की मग आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

यात गिऱ्हाईक म्हणून आपलंही काम असतं आणि ते आपण करत नाही. गॅरेजमध्ये जाऊन "आवाज येतोय, बघा जरा" एवढंच सांगतो. कुठल्याही प्रोग्रॅमरला विचारा, "ॲप चालत नाहीये" एवढीच तक्रार आली की त्याचं डोकं कसं फिरतं ते. कधी, कुठे, काय केल्यावर? आणि मराठी माणसाला तर आवाज सांगायला शब्दांची ददात नाही. खडखड, टकटक, खुळखुळ, कुरकुर, घरघर, धाडधाड... प्रत्येकाचा कान वेगळा असतो हे मान्य, पण साधारण अंदाज असा. कुरकुर बहुतेक रबराच्या बुशची. वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर असेल तर बेअरिंगवर संशय घ्यावा. चाक पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना टक-टक-टक झालं तर ॲक्सलचा बाहेरचा जॉइंट. मोठ्या खड्ड्यात धाडकन वाजलं तर शॉकअपचं माउंटिंग किंवा लोअर आर्म. आणि सरळ रस्त्यावर बारीक खडीवरून हळू जाताना हाताला जाणवणारी खडखड असेल तर रॅकचा बुश, मधल्या शाफ्टचा क्रॉस, रॅक एंड किंवा स्टॅबिलायझरची लिंक, यांपैकी कुणीतरी.

यादी मोठी वाटते, पण ती घरच्या घरी निम्मी करता येते. सर्वात आधी किल्ल्यांचा जुडगा. हसू नका! घर, दुकान, कपाट, बाईक अशा सगळ्या किल्ल्या एका कड्यात घालून लटकवलेल्या असतात आणि त्या कॉलमच्या प्लास्टिकवर आपटत असतात. मग दाराच्या खणातली बाटली, डिकीतला जॅक आणि पाने. हे सगळं काढून त्याच रस्त्याच्या त्याच तुकड्यावरून, त्याच वेगाने जा. तुकडा बदललात तर तुलना संपली. आवाज येत असताना हलका ब्रेक लावा. थांबला तर स्टिअरिंग सोडा, ब्रेक पॅड आणि कॅलिपरकडे बघा.

तरीही आवाज राहिला तर सपाट जागी गाडी उभी करा, हँडब्रेक लावा, इंजिन बंद, स्टिअरिंगचं लॉक तेवढं उघडं. एकाने स्टिअरिंग बोटभर डावीकडे, बोटभर उजवीकडे असं पटपट हलवायचं. दुसऱ्याने पॅडलजवळ वाकून खालच्या जॉइंटवर हलका हात ठेवायचा (बोटं फटीत घालू नका). झिजलेला सांधा 'टक' करतो ते कानाआधी हाताला कळतं. तिथे काही नसेल तर तेच रॅकच्या टोकांवर करायचं. चाक उचलून तपासायचं असेल तर आडवं धरून हलवलं आणि खेळ लागला तर टाय रॉड किंवा रॅकवर संशय, उभं धरून लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंटवर. गाडीखाली मात्र नुसत्या जॅकच्या भरवशावर जाऊ नका, खाली स्टँड हवाच. आणि स्टॅबिलायझरची लिंक एक चाक उचलून तपासण्यात अर्थ नाही, कारण एकाच बाजूने उचललं की दांड्याला पीळ बसतो, लिंक ताणली जाते आणि तिच्यातला खेळ लपतो.

आमच्या घरच्या गाडीचंच सांगतो. बाबांची जुनी छोटी गाडी आहे. खडीवरून जाताना हाताला खडखड, गुळगुळीत रस्त्यावर चिडीचूप. शहरातल्या एका सर्व्हिस सेंटरने एक चक्कर मारून निकाल दिला: स्टिअरिंग रॅकची असेंब्ली. एस्टिमेटचा आकडा बघून बाबा म्हणाले, "एवढ्यात तर घरावरचे पत्रे बदलून होतील." मग गाडी घाटाखालच्या एका मिस्त्रीकाकांकडे नेली. त्यांनी बाबांना स्टिअरिंगवर बसवलं, मला पॅडलजवळ वाकायला लावलं आणि म्हणाले, "दादा, हात ठेवा हितं. लागतंय?" लागत होतं. मधल्या शाफ्टचा खालचा क्रॉस झिजला होता. रॅकला काहीही झालेलं नव्हतं.

यातली खरी मेख लक्षात आली का? रॅक नवीन टाकला असता तर त्यावर तोच जुना शाफ्ट परत बसला असता. एवढा पैसा ओतून खडखड जशीच्या तशी! आणि मुख्य म्हणजे झिजलेला सांधा घाटात तसाच फिरत राहिला असता. 'सुरक्षिततेसाठी पूर्ण असेंब्ली' हा युक्तिवाद म्हणूनच मला पटत नाही. निदान न करता बदललेला भाग महाग असतो, सुरक्षित असतोच असं नाही.

मिस्त्रीकाकांनी शाफ्ट मागवून दुसऱ्या दिवशी बसवला. बिल किती, तर शाफ्टची किंमत आणि वर मजुरी तीनशे रुपये. मी विचारलं, "काका, शोधायचे किती?" ते हसले. "शोधायचे कोण देतो? लोक म्हणतात, नुसता हात तर लावलात."

माझा सगळा मुद्दा या वाक्यात आहे. माझ्या ऑफिसात मी चार दिवस एक बग शोधतो आणि शेवटी एक ओळ बदलतो. मॅनेजर मला एका ओळीचा पगार देत नाही, शोधण्याचाच देतो. डॉक्टरने नुसती नाडी बघून "काही नाही, आराम करा" म्हटलं तरी आपण तपासणीची फी देतो. मग कान, हात आणि वीस-पंचवीस वर्षांचा अनुभव वापरून दोष शोधणाऱ्या माणसाला फक्त पाना फिरवण्याचे पैसे का? आपण बिलात 'पार्ट' आणि 'मजुरी' एवढ्या दोनच ओळी मान्य करतो. मग हुशार माणूस काय शिकणार? भाग विकण्यात पैसा आहे, शोधण्यात नाही. सर्व्हिस सेंटरमधल्या पोरालाही मी एकट्याला दोष देणार नाही. त्याच्या बाहेर दहा गाड्या रांगेत उभ्या असतात. असेंब्ली बदलायला किती वेळ लागेल ते त्याला आधी सांगता येतं, शोधायला किती लागेल ते सांगता येत नाही.

याचा अर्थ जुगाड करा असा मुळीच नाही. स्टिअरिंगमध्ये जुगाडाला जागा नाही. रॅकखालचा ॲडजस्टिंग नट आवळून आवाज बंद करणारे महाभाग असतात. रॅक झिजतो तो मधल्या भागात, कारण गाडी जास्त वेळ सरळच चालते. मधला खेळ जावा म्हणून अंदाजाने आवळलं की टोकाकडे रॅक अडकतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही. कुंभार्ली उतरताना हे नको. शाफ्टचा क्लॅम्प बोल्ट नीट खाचेत बसलाच पाहिजे आणि टॉर्क पाना लावूनच आवळला पाहिजे. तो निघाला तर हातातलं चाक नुसतंच फिरतं. कॉलमवर हातोडा चालवू नका, वेल्डिंग तर नाहीच, कारण बहुतेक गाड्यांत तो अपघातात आत दबावा असाच बनवलेला असतो. एअरबॅगवाल्या चाकाला घरी पाना लावू नका. आणि रॅक आतून खराब असल्याचं दिसलं, तर असेंब्लीच बदला, बिनतक्रार.

कधी दोष मूळ कारखान्यातलाच असतो, हेही तपासा. जुलै २०२३ मध्ये मारुती सुझुकीने एस-प्रेसो आणि ईकोच्या ८७,५९९ गाड्या टाय रॉडमधल्या संभाव्य दोषासाठी परत बोलावल्या होत्या. नोव्हेंबर २०१२ मध्ये टोयोटाने जगभरातल्या सुमारे २७ लाख गाड्या स्टिअरिंगच्या मधल्या शाफ्टसाठीच बोलावल्या होत्या. असा रिकॉल असेल तर कंपनी तो भाग फुकट बदलून देते. चॅसी नंबर टाकून कंपनीच्या साइटवर बघायला दोन मिनिटं लागतात. आणि आमच्या भागात सेकंडहँड गाडी घेणार असाल तर २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात ती पाण्यात होती का, हे आधी विचारा. पाणी शिरलेला क्रॉस आतून गंजतो, आणि वरून पॉलिश मारलं की ते दिसत नाही.

तर मंडळी, माझा सल्ला सोपा आहे. पुढच्या वेळी गॅरेजला जाल तेव्हा आवाज कधी, कुठे, कसा येतो हे कागदावर लिहून न्या. मिस्त्रीला शेजारी बसवून त्या रस्त्यावर घेऊन जा. "आधी शोधा, शोधायचे वेगळे पैसे देतो, मग ठरवू" असं स्पष्ट सांगा. काढलेला भाग परत मागा आणि त्यातला दोष हाताला लावून बघा. आणि सापडलेलं कारण वीस रुपयांचा बुश निघाला तरी शोधायचे पैसे कमी करू नका. उलट तेव्हाच आनंदाने द्या, कारण त्या माणसाने तुमचे हजारो वाचवलेत.

आम्ही मिस्त्रीकाकांच्या बिलात तिसरी ओळ घालायला लावली: 'तपासणी, पाचशे रुपये'. ते घेईनात, म्हणाले, "असं कुठं असतं का?" बाबांनी नोट त्यांच्या खिशात कोंबली. काकांनी ओळ लिहिली खरी, पण पेन्सिलीने. ती पेनाने लिहिली जाईल तेव्हा 'असेंब्ली' जरा स्वस्त होईल, असं मला वाटतं.