पातेरा उडवणारे यंत्र आणि माणसाचे कान

मुलाकडे कॅलिफोर्नियात सहा महिने राहून आलेल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचे पत्र आले आहे. तिकडे हॉर्न नाहीत, लाऊडस्पीकर नाहीत, म्हणजे अगदी शांतता असणार, अशी त्यांची समजूत होती. पण दर मंगळवारी सकाळी पाठीवर यंत्र बांधलेला माळी येई आणि त्याच्या घरघरीने बाईंचे डोके उठे. सून म्हणाली, "आई, आता बॅटरीवरची यंत्रे निघाली आहेत, त्यांचा त्रास होत नाही." हे खरे का आणि अशा आवाजाने रक्तदाब वाढतो का, असे बाईंनी विचारले आहे. प्रश्न अमेरिकेतला असला तरी तसल्याच इंजिनाचे एक यंत्र आता आपल्या आंबा-काजूच्या बागांत फिरते आहे, म्हणून आजचे सदर त्यालाच देतो.

या यंत्राला लीफ ब्लोअर म्हणतात. आपण पातेरा खराट्याने ओढून गोळा करतो. तिकडे तो नळीतून सुटणाऱ्या वाऱ्याच्या झोताने ढकलत नेतात. पेट्रोलवर चालणाऱ्या बहुतेक ब्लोअरला टू-स्ट्रोक इंजिन असते. आपल्या जुन्या स्कूटरचे इंजिन याच जातीचे. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचे आणि मागे निळा धूर सोडत जायचे! या इंजिनात पेट्रोलचा चांगला वाटा न जळताच बाहेर पडतो. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने केलेली तुलना ऐकण्यासारखी आहे. व्यावसायिक ब्लोअर एक तास चालला, तर धुरके निर्माण करणारे जेवढे प्रदूषण होते, तेवढे २०१७ सालची टोयोटा कॅमरी मोटार सुमारे १७७० किलोमीटर चालवल्यावर होते.

आता आवाजाचे पाहू. पेट्रोलच्या ब्लोअरमधून दोन आवाज निघतात. एक इंजिनाची खर्जातली घरघर, दुसरी वाऱ्याची उंच शिट्टी. गावात पालखी निघाली की लांबून आधी ढोल ऐकू येतो, सनई मागाहून, पालखी वळणावर आली की. खर्जातला आवाज लांबवर जातो, भिंती आणि बंद खिडक्याही त्याला नीट अडवू शकत नाहीत. उंच आवाज वाटेतच विरतो. बॅटरीच्या यंत्रात इंजिनच नसल्यामुळे ढोल जातो आणि सनई उरते. म्हणून सूनबाईंचे म्हणणे बरेचसे खरे आहे. आवाज मोजण्याच्या नेहमीच्या पद्धतीत खर्जाला कमी वजन दिलेले असते. त्यामुळे दोन यंत्रांवर छापलेला डेसिबलचा आकडा सारखा असला तरी तीन घरे पलीकडच्या माणसाला पेट्रोलचेच यंत्र जास्त छळते. अशा शेजाऱ्याला 'तुम्हाला सवय नाही' म्हणून गप्प करू नये.

रक्तदाबाबद्दल बाईंना स्पष्ट सांगतो. नको असलेला आवाज कानावर आला की शरीर सावध होते, नाडी जलद होते, रक्तदाब तात्पुरता चढतो. वर्षानुवर्षे रहदारीच्या किंवा विमानांच्या आवाजात, त्यातही रात्रीच्या, राहणाऱ्यांत रक्तदाब आणि हृदयविकार वाढतात, याला चांगला आधार आहे. आठवड्यातून अर्धा तास चालणाऱ्या ब्लोअरला त्या पंक्तीत बसवता येणार नाही. मात्र तिकडे या घरचा माळी मंगळवारी, त्या घरचा बुधवारी, असे चालले की आळीला शांत दिवस मिळत नाही. रात्रपाळी करून दिवसा झोपणारी नर्स, तान्हे मूल, अंथरुणाला खिळलेला रुग्ण यांना हा त्रास खराच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये घराबाहेरच्या दिवसाच्या आवाजासाठी ५५ डेसिबलची मर्यादा सुचवली. आपल्या देशाच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतही निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ हीच मर्यादा आहे.

पण या सगळ्या चर्चेत एक माणूस सारखा विसरला जातो. तो म्हणजे यंत्र पाठीवर घेतलेला. शेजाऱ्याच्या आणि यंत्राच्या मध्ये निदान कुंपण असते, त्याच्या कानापासून इंजिन हातभरही लांब नसते. पेट्रोलच्या ब्लोअरचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी शंभर डेसिबलच्या आसपास जातो. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या हिशेबाप्रमाणे ८५ डेसिबल आवाजात दिवसाचे आठ तास काम चालते. पुढे दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि शंभरला अवघी पंधरा मिनिटे. तो माळी दिवसभरात किती अंगणे झाडतो, याचा विचार करा.

अंतर्कर्णात गोगलगाईच्या शंखासारखा एक अवयव असतो. त्यात सुमारे पंधरा हजार केसाळ पेशी असतात. जन्मतः मिळालेल्या तेवढ्याच. एकदा मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. मोठ्या आवाजाने प्रथम उंच स्वर टिपणाऱ्या पेशी मरतात, त्यामुळे सुरुवातीला माणसाला काही कळतच नाही. गाडीचा आवाज येतो, दार वाजलेले कळते, पण बोलण्यातले स, श, थ, फ निसटू लागतात. 'आवाज येतो पण शब्द कळत नाही' अशी त्याची तक्रार असते. घरचे म्हणतात, ह्याचे लक्षच नसते. जोडीला कानात किर्रर्र आवाज सुरू झाला की झोपही उडते. यावर गोळी नाही.

तिकडच्या कायद्यांची हकीकत याच संदर्भात वाचावी. कार्मेल-बाय-द-सी या समुद्रकाठच्या टुमदार गावाने १९७५ मध्येच ब्लोअरवर बंदी घातली. लॉस एंजेलिसने घरांपासून ५०० फुटांच्या आत पेट्रोलचे ब्लोअर बंद करायचे ठरवले, तेव्हा जानेवारी १९९८ मध्ये माळ्यांनीच नगरपालिकेसमोर उपोषण केले. त्यांतले बरेचसे मेक्सिकोतून आलेले कष्टकरी. स्वतःच्याच कानांच्या शत्रूसाठी उपोषण, म्हणून हसण्यासारखे त्यात काही नाही. यंत्र गेले तर तेवढ्याच मजुरीत दुप्पट वेळ लागणार आणि नवे यंत्र घ्यायचे ते पदरच्या पैशाने, हे त्यांना दिसत होते. राजधानी वॉशिंग्टनमध्ये १ जानेवारी २०२२ पासून पेट्रोलच्या ब्लोअरला बंदी आहे. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये कायदा करून २०२४ पासून अशा लहान इंजिनांच्या नव्या यंत्रांची विक्री थांबवायचे ठरवले आणि लहान व्यावसायिकांना यंत्र बदलण्यासाठी तीन कोटी डॉलर बाजूला काढले. मला हा पैशाचा भाग कायद्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

विजेवरचे यंत्र म्हणजे रामबाण, असेही समजू नका. धूर गेला, घरघर गेली, तरी जोरदार यंत्राची शिट्टी चालवणाऱ्याच्या कानाला पुरेशी घातक असते. धूळ, वाळलेली विष्ठा, बुरशीचे कण उडायचे ते उडतातच. दमेकऱ्याने त्या वेळी लांबच राहावे. आणि चार गुंठ्यांच्या अंगणाला ब्लोअर कशाला लागतो, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही. हिराचा खराटा वीसेक मिनिटांत तेच काम करतो, झाडणाऱ्याला व्यायामही होतो.

आता आपल्या दाराशी येऊ. पूर्वी पावसाळा सरताना कोयत्या-विळ्याने बेणणी होत असे. आता मजूर मिळत नाहीत, म्हणून ग्रासकटर आला. बहुतेकांत इंजिन तेच, टू-स्ट्रोक, आणि आवाजही त्याच पट्टीचा. वीस-बावीस वर्षांची पोरे रोजावर तो दिवसभर चालवतात. डोळ्याला दगड लागू नये म्हणून चष्मा लावतात, ते चांगलेच. पण कानात काय, तर कापसाचा बोळा. कापसाने आवाज फारसा अडत नाही, उलट संरक्षण असल्याचा भास होतो.

बागायतदारांना माझे सांगणे आहे. पेट्रोल-ऑइलचा खर्च जसा तुमचा, तसाच कानावरच्या मफचा खर्चही तुमचाच. नुसते दिले म्हणजे झाले नाही, वापरला जातो का तेही पाहावे. फोमचे बोळे वापरायचे तर ते बोटांत वळून बारीक करावेत, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत सारावेत आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवावेत. एकाच माणसाला दिवसभर यंत्रावर ठेवू नये, दोघांत पाळी लावावी. घराजवळचा भाग सकाळी आठच्या आधी आणि दुपारच्या झोपेच्या वेळी कापू नये. बॅटरीचे ग्रासकटरही बाजारात आले आहेत. मोठ्या रानाला त्यांची बॅटरी पुरणार नाही, पण घराभोवतीच्या परड्याला हरकत नाही.

ग्रासकटर चालवणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे. संध्याकाळी काम संपल्यावर कान गच्च झाल्यासारखे वाटले किंवा किर्रर्र आवाज तासाभरात गेला नाही, तर त्या दिवशीचा आवाज कानाला जास्त झाला असे समजावे. असे वरचेवर होत असेल तर जिल्हा रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात जाऊन ऐकण्याची तपासणी, म्हणजे ऑडिओग्राम, करून घ्यावी. तपासणीच्या आदल्या दिवशी यंत्राला हात लावू नये, नाहीतर आकडे आहेत त्यापेक्षा वाईट येतात. मिळालेला कागद जपून ठेवावा, पुढच्या वर्षीचा त्याच्याशी ताडून पाहता येतो.