चौथ्या वर्षाचे पैसे कोण देणार?

गेल्या महिन्यात माझी भाची सुट्टीला घरी आली होती. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जेवताना तिनं विचारलं, "आत्या, तू इतकी वर्षं त्या कॉम्प्युटरच्या खोलीत नेमकं काय करायचीस गं?" मी बोलायच्या आतच भाऊ म्हणाला, "एसी चालू आहे का ते बघायची." सगळे हसले, मीही हसले. उत्तर अगदीच खोटं नव्हतं. पण तिला नीट सांगायचं राहून गेलं, म्हणून या वेळचं सदर तिच्यासाठी आणि तिच्या वयाच्या तुम्हा सगळ्यांसाठी.

इंदूरकरांना 'कॅट' ठाऊक असतं, म्हणजे आजचं राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्र. जिनिव्हाजवळ 'सर्न'चा २७ किलोमीटर परिघाचा बोगदा आहे. त्यातले अवाढव्य चुंबक अचूक जागी तोलून धरणारे सुमारे ७,००० जॅक भारतातून गेले आणि त्या कामाची सूत्रं कॅटकडे होती. हे आपण अभिमानानं सांगतो. पण त्या यंत्रातून निघणारी माहिती पुढे कुठे जाते, हे फारसं कोणी विचारत नाही.

ती एका जागी मावतच नाही. सगळी माहिती साठवून तिचं गणित करणं सर्नला एकट्याला झेपणारं नव्हतं. म्हणून जगभरातल्या प्रयोगशाळांनी आणि विद्यापीठांनी आपापले संगणक जोडून एक सामायिक जाळं उभारलं. त्याला ग्रिड म्हणतात. ऑक्टोबर २००८मध्ये त्याचं रीतसर उद्घाटन झालं. आज ४०हून जास्त देशांतली सुमारे १७० केंद्रं त्यात आहेत. आपली दोन केंद्रं म्हणजे मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि कोलकात्याचं व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटर. ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज कणाची घोषणा झाली, तेव्हा सर्नचे महासंचालक रोल्फ हॉयर यांनी श्रेय तिघांना दिलं : यंत्राला, प्रयोगांना आणि या ग्रिडला.

असं जाळं आखायचं म्हणजे काय? पहिला प्रश्न रचनेचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आखणी झाली तेव्हा लांबच्या जोडण्या महाग आणि हळू असतील, असं धरलं होतं. म्हणून उतरंड ठरली : सर्न शून्याव्या पायरीवर, मोठी राष्ट्रीय केंद्रं पहिल्या, बाकीची दुसऱ्या. माहिती पायरी-पायरीनं खाली यायची. पण जोडण्या अपेक्षेपेक्षा कितीतरी वेगवान निघाल्या, तेव्हा उतरंड सैल करून केंद्रं एकमेकांकडून थेट माहिती घेऊ लागली. आखणाऱ्यांचा अंदाज चुकला, पण रचनेत बदलाला जागा होती, म्हणून निभावलं.

दुसरा प्रश्न विश्वासाचा. मुंबईच्या संशोधकाचं गणित रात्री इटलीतल्या संगणकावर चालणार असेल, तर त्याला आत कोणी आणि का घ्यावं? त्यासाठी ओळख पटवून देणाऱ्या संस्था आहेत. आपल्याकडे हे काम 'सी-डॅक'नं केलं. २००५मध्ये अशा संस्थांचा आंतरराष्ट्रीय संघ झाला आणि एकाची हमी सगळे मानू लागले. रामबागेतल्या आमच्या वाड्यात हेच चालायचं. अनोळखी माणूस दारात आला की विचारायचे, "कोणाकडे?" आतून कोणी काकू "आमच्याकडचा गं" म्हणाल्या, की प्रश्न मिटायचा.

तिसरा प्रश्न पैशांचा, आणि तो मला जवळचा आहे.

मी ज्या संस्थेत होते तिथले संगणक एका प्रकल्पाच्या पैशांतून आले होते. तीन वर्षं झकास गेली. बाहेरगावच्या संस्थांची गणितं आमच्याकडे चालायची, आमची त्यांच्याकडे. मग प्रकल्प संपला. यंत्रं राहिली, पण यूपीएसच्या नव्या बॅटऱ्यांना पैसे कुठल्या खात्यातून द्यायचे, ते कोणालाच सांगता येईना. देखभालीचा करार संपला तो संपलाच. माझी नोकरीही वर्षावर्षाच्या करारावर होती. शेवटी एका मे महिन्यातल्या दुपारी एसी बंद पडला. खोली तापू लागली, तेव्हा एकेक यंत्र मी माझ्या हातानं बंद केलं. त्यातली बरीचशी परत चालू झालीच नाहीत. पीएचडी करणाऱ्या एका मुलीचं गणित त्यावर अर्धं झालं होतं. तिला ते दुसरीकडे पहिल्यापासून करावं लागलं. आठ महिने गेले तिचे. यात कोणी काही खाल्लं नव्हतं, कोणी आळशीही नव्हतं. विकत घ्यायला पैसे होते, चालवायला नव्हते, एवढंच.

वाड्यातल्या पाण्याच्या मोटारीचंही असंच झालं होतं. पाच बिऱ्हाडांनी वर्गणी काढून ती घेतली, पण कॉइल जळाली तेव्हा खर्च कोणाचा, यावर दोन महिने वाद झाला आणि आम्ही मुलं बादल्या वाहत राहिलो. मग आजीनं नियम घातला : मोटार चालू असो वा बंद, दर महिन्याला दहा रुपये डब्यात. त्यानंतर वाडा पडेपर्यंत मोटारीसाठी भांडण झालं नाही.

युरोपानंही डब्याचाच मार्ग धरला. तिथलं ग्रिड आधी युरोपीय संघाच्या मदतीवर चालायचं, २००४ ते २०१०, दोन-दोन वर्षांचे तीन टप्पे. दर वेळी पुढे काय, ही टांगती तलवार. म्हणून शेवटचा टप्पा संपायच्या आधीच ठरलं की प्रत्येक देशानं आपली कायमची राष्ट्रीय संस्था ठेवायची आणि मध्ये एक लहान समन्वय कार्यालय. २०१०मध्ये ॲमस्टरडॅमला 'ईजीआय' सुरू झालं. सभासद देशांची वर्गणी हा त्याचा पाया, प्रकल्पांचे पैसे ही वरची भर. ते आजही चालू आहे.

आता यापुढचं काम आणखी मोठं आहे. सर्नचं यंत्र २०३०च्या सुमाराला अधिक तीव्रतेनं चालू होईल. त्या वेळी होणाऱ्या वाहतुकीच्या १० टक्के भाराची चाचणी २०२१मध्ये झाली, २५ टक्क्यांची २०२४मध्ये. दुसरीकडे ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत 'स्क्वेअर किलोमीटर ॲरे' ही रेडिओ दुर्बीण उभी राहते आहे. तिच्याकडून वर्षाला सुमारे ७०० पेटाबाइट माहिती साठवली जाईल. एक टेराबाइटच्या डिस्क घेतल्या तर दरवर्षी सात लाख! त्यासाठी देशोदेशीच्या प्रादेशिक केंद्रांचं जाळं आखलं जातंय. भारत त्यात आहे. केंद्र सरकारनं या प्रकल्पातल्या सहभागासाठी १,२५० कोटी रुपये मंजूर केले आहेत, आणि आघाडीवर आहे पुण्याची 'एनसीआरए', नारायणगावजवळ खोडदला ३० अँटेनांची दुर्बीण चालवणारी संस्था.

ही जाळी तुमच्या पिढीनं चालवायची आहेत. तुमच्यापैकी कोणी कधी अशा बैठकीत बसलंच, तर किती संगणक घेणार हे बाकीचे विचारतीलच. तुम्ही दोनच प्रश्न विचारा. चौथ्या वर्षाचे पैसे कोण देणार? आणि ही यंत्रं सांभाळणारं माणूस कायमचं आहे का?

हे सगळं मी भाचीला ती निघायच्या आदल्या रात्री सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "त्या मुलीची पीएचडी झाली का गं?" झाली, उशिरा का होईना. स्टेशनवर गाडीत बसताना म्हणाली, "आमच्या लॅबमध्ये मागच्या वर्षी नवे सर्व्हर आलेत. त्यांची वॉरंटी कधी संपते, ते सरांना विचारते."