ओसरीवरून : लय वाढली, षड्ज हलला

मैफलींत गवई विलंबितापासून द्रुतापर्यंत जातो, परंतु तंबोऱ्याचा षड्ज जागचा हलत नाहीं. लय आणि स्वर हीं दोन स्वतंत्र तत्त्वें आहेत, हें आम्हांस इतकें अंगवळणीं पडलेलें असतें कीं त्याचा निराळा विचार करावा लागत नाहीं.

तबकडीवर मात्र दोन्ही एकाच खांचेंत कोरलेलीं असतात. ती वेगानें फिरविली कीं लय वाढते, आणि स्वराची कंपनसंख्याहि त्याच प्रमाणांत वाढते. वेग दुप्पट केल्यास मध्य षड्जाचा तार षड्ज होतो. मिनिटास ३३⅓ फेऱ्यांची तबकडी ४५ फेऱ्यांनीं लावल्यास तोच षड्ज शुद्ध मध्यमाच्या किंचित् वर जाऊन बसतो. वेगांत शेंकडा ६ एवढी वाढहि सबंध गाणें अर्ध्या स्वरानें चढविण्यास पुरते.

हल्लीं समारंभांत ‘डीजे’ म्हणून जे बसतात, त्यांचें कौशल्य एका गाण्याची लय दुसऱ्याशीं जुळवून खंड न पडूं देण्यांत असतें. १९७९ सालच्या ‘टेक्निक्स एसएल-१२०० एमके२’ या जपानी यंत्रावर त्यासाठीं वेग शेंकडा ८ नें कमीअधिक करणारी सरकपट्टी होती. तिनें लय जुळे. षड्ज मात्र ढळे.

गेल्या वैशाखांत नातीच्या लग्नाकरितां नातवानें आपल्या दिवंगत आजीच्या ओव्यांची जुनी ध्वनिफीत संगणकावर उतरविली आणि तिच्याच पट्टींतली एक सनई शोधून काढली. ओवीची लय मिनिटास १०० मात्रांची, सनईची १०६. त्यानें ओवी १०६ वर नेली. ऐकतांच मी दचकलों. तो गळा आमच्या घरांतला नव्हता. शिवाय सनईच्या षड्जाशेजारीं आजीचा षड्ज कोमल ऋषभ होऊन खटकत होता.

“थांबा आजोबा,” म्हणून त्यानें एक कळ दाबली. हीं नवीं साधनें ध्वनीचे अतिसूक्ष्म तुकडे पाडून ते एकमेकांवर सरकवितात, आणि स्वराची उंची कायम राखून लय तेवढी बदलतात. षड्ज जागेवर आला. तरीहि मला चैन पडेना. ओवीच्या अखेरीस ती जो सावकाश श्वास घेई, तो आतां घाईचा झाला होता.

“अरे, तिचें कांहींच बदलूं नकोस. सनईलाच जरा हळू कर.”

त्यानें त्याच कळीनें सनईचा स्वर राखला आणि लय १०० वर उतरविली. लग्नाच्या दिवशीं मांडवांत ती ओवी लागली, तेव्हां धाकट्या सूनबाई हातांतलें ताट घेऊन तशाच उभ्या राहिल्या.